डॉप्लरमध्ये 'बायफेजिक' लिहिलंय, म्हणजे यकृतात रक्त अडलंय का?

ताई, नाही, अडलेलं नाही. तुम्ही लिहिलेला रिपोर्ट असा: अकरा वर्षांचा मुलगा, ग्रेड २ फॅटी लिव्हर (यकृतात मध्यम चरबी), डॉप्लरवर म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत हेपॅटिक व्हेन बायफेजिक, पोर्टल व्हेनचा (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेचा) वेग १८, प्लीहा नॉर्मल, रक्तातला एसजीपीटी (यकृताला इजा झाली की वाढतो तो) ६८. इथे सोलापुरात सोनोग्राफी करताना असे रिपोर्ट मला हल्ली वरचेवर लिहावे लागतात.

यकृतातलं रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा, म्हणजे हेपॅटिक व्हेन, हृदयाच्या अगदी जवळ उघडतात. म्हणून हृदयाच्या ठोक्याबरोबर त्यांतला प्रवाह थोडा मागेपुढे होतो आणि डॉप्लरवर तीन टप्प्यांची लाट दिसते, ती ट्रायफेजिक. पेशींत चरबी साठली की यकृताचा लवचिकपणा घटतो आणि लाट दबते. आधी बायफेजिक, मग जवळजवळ सपाट. रक्त वाहतंच, हेलकावा तेवढा कमी होतो. पोर्टल व्हेनचा वेग साधारण १६ ते ४० सेंमी प्रति सेकंद धरतात. १८ त्यात बसतो.

आणि एक, पोराने घाबरून श्वास रोखून धरला तरी ही लाट सपाट दिसते. जेवणानंतर पोर्टल व्हेनचा प्रवाह वाढतो. पार्क चौकात भेळ खाऊन तसंच टेबलावर झोपवलं तर आकड्याला काय अर्थ? पुन्हा करायचीच झाली तर उपाशीपोटी, शांत श्वासावर करा. पण डॉप्लरवरून यकृत किती कडक झालंय हे ठरत नाही. त्यासाठी इलास्टोग्राफी असते.

मला खटकतो तो एसजीपीटी. लॅबच्या कागदावर ४०-४५ पर्यंत नॉर्मल छापतात, पण मुलग्यांसाठी खरी मर्यादा २६ आणि मुलींसाठी २२ धरतात. ६८ म्हणजे अडीच पटीहून जास्त. तीन महिन्यांनंतरही दुपटीच्या वरच राहिला तर लहान मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांना दाखवाच. सेरुलोप्लाझ्मिन (रक्तातलं तांबं वाहणारं प्रथिन) आणि हिपॅटायटिस बी, सी तपासायला सांगतील; विल्सन आजारातही, म्हणजे शरीरात तांबं साठतं त्यात, यकृत असंच चरबीचं दिसतं, आणि त्याचे उपचार पूर्ण वेगळे.

लिव्हर टॉनिकवर पैसे घालवू नका. मुलांच्या फॅटी लिव्हरसाठी मान्यता मिळालेलं औषध आजही नाही. आधी कोल्ड्रिंक, पाकिटातला ज्यूस, बेकरीचं बंद. कडक भाकरी, वरण, पालेभाजी चालेल, शेंगाचटणी चमचाभरच. रोज तासभर घाम येईपर्यंत खेळ.

उंची-वजन किती, मानेवर काळपट जाडसर कातडी आहे का, घरात कुणाला मधुमेह आहे का, तेवढं लिहा.