बालगृहातून १८व्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलाला नोकरी लागेपर्यंत सरकारी मदत मिळते का?

मिळते, पण मागावी लागते. बाल न्याय कायदा, २०१५ आणि त्याखालच्या नियमांनुसार अठरा पूर्ण झालेल्यांना २१ वर्षांपर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत २३ पर्यंत, अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, सोय आहे. त्यात राहणं, शिक्षण आणि कौशल्य प्रशिक्षण येतं. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बाल संरक्षण योजनेतून दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. पुण्या-मुंबईत तेवढ्यात खोली मिळणं कठीण, म्हणून जागा असेल तर अनुरक्षणगृहच धरा.

यासाठी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयातल्या बाल संरक्षण कक्षाला भेटा. वाढदिवसाची वाट बघू नका, सतरावं लागलं की सुरुवात करा. संस्थेतून बाहेर पडल्यावर आधारवरचा पत्ता जुन्या बालगृहाचाच राहतो आणि आयटीआयचा फॉर्म भरतानाही ‘कायमचा पत्ता’ या रकान्यापाशी पोरं थबकतात. आधार, बँक खातं, शाळा सोडल्याचा दाखला हे सगळं मुलाच्या स्वतःच्या हातात हवं.

मूल अनाथ असेल तर अनाथ प्रमाणपत्र आधी काढा. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना शिक्षण आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण आहे, आणि या कागदाशिवाय त्याचा लाभ मिळत नाही. बालगृहाचे अधीक्षक टाळाटाळ करत असतील तर बालकल्याण समितीकडे (अशा मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती) लेखी अर्ज द्या, पोचपावती घ्या.