वैनगंगेच्या पुरानंतर रेडक्रॉसच्या स्वयंसेवकाने ग्रामपंचायतीच्या यादीप्रमाणेच मदत वाटावी का?

नाही, यादी ही केवळ सुरुवातीची माहिती असते, कोणाला आधी द्यायचे हे गरजेवरूनच ठरले पाहिजे. रेडक्रॉस चळवळीने १९६५ साली व्हिएन्ना येथे स्वीकारलेल्या सात मूलतत्त्वांपैकी निःपक्षपातीपणाचा अर्थ हाच आहे की जात, धर्म, पक्ष न पाहता ज्याची निकड मोठी त्याला अग्रक्रम द्यावा. त्यामागे १८५९ च्या इटलीतील सोल्फेरिनो लढाईचा अनुभव आहे, जिच्यानंतर रेडक्रॉसचे प्रणेते आंरी द्युनां यांच्यासह जवळच्या गावातील बायकांनी दोन्ही बाजूंच्या जखमींची सारखीच शुश्रूषा केली. आपल्याकडे यादीतून नेमका सुटतो तो धुऱ्यावरच्या झोपडीत राहणारा सालदार, कारण घर त्याच्या नावावर नसते. त्याच्या कोठीतले तांदूळ भिजून आंबले असतील आणि शेजारच्या स्लॅबच्या घरात फक्त अंगणात चिखल असेल, तर ताडपत्री व धान्य आधी झोपडीकडे जावे, मग सरपंच नाराज झाले तरी (आणि ते होतातच). मात्र तलाठ्याच्या पंचनाम्यावरून मिळणारी सरकारी नुकसानभरपाई ही वेगळी बाब आहे. ती शासनाच्या निकषांनुसार ठरते आणि तिच्या यादीत फेरफार करण्याचा अधिकार स्वयंसेवकाला नाही.