कळायच्या आधी घेतली होती…

"मॅडम, कळायच्या आधी घेतली होती. आता काय?"

दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न जानेवारी-फेब्रुवारीत हमखास येतो. थर्टी फर्स्टच्या पार्टीतली दारू, चुकलेली पाळी, मग किटवरच्या दोन रेघा. काहीजणी तर दार लागेपर्यंतही दम धरत नाहीत. म्हणून केतकीची गोष्ट सांगते. नाव-गाव बदललेलं, तिच्या परवानगीने.

केतकी ३१ वर्षांची. लोअर परळला नोकरी, मुलुंडला नवरा आणि सासूबाईंसोबत घर. पहिल्या दिवशी पर्स खांद्यावर तशीच ठेवून म्हणाली, "मी लोकलमध्ये लोकांच्या पोरांचे ओठ बघत बसते." नाकापासून वरच्या ओठापर्यंत जी उभी पन्हळ असते, ती पोटात असताना दारूचा परिणाम झालेल्या मुलांत सपाट असते, असं तिने मोबाइलवर वाचलं होतं. मुलुंड ते करी रोड, लेडीज डब्यातलं प्रत्येक मूल तपासायचं. शेवटी एका आईने पोराच्या तोंडावर ओढणीच ओढली. नजर लागेल म्हणून असेल.

तिने वाचलं ते खोटं नव्हतं. वाढ कमी, चेहऱ्याची विशिष्ट ठेवण, शिकण्या-वागण्यातल्या अडचणी, या सगळ्याला मिळून सिएटलच्या डॉक्टरांनी १९७३ साली 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' असं नाव दिलं. पण नुसत्या ओठावरून निदान होत नाही. उलट दारू बाधलेल्या बऱ्याच मुलांचा चेहरा चारचौघांसारखाच असतो, आणि लक्ष न लागणं, गणित न जमणं हे शाळेत गेल्यावर दिसतं. सोनोग्राफी चांगली आली म्हणून हा परिणाम नाहीच, असंही म्हणता येत नाही.

मी डॉक्टर नाही. म्हणून तिला आधी तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे परत पाठवलं. त्यांना तिने पार्टीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. पंधरा प्रकारच्या तपासण्या केल्या, पण नेमकं हेच गिळलं. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता रागही येत नाही.

दुसरं एक काम दिलं. घेतलेल्या प्रत्येक दिवसावर कॅलेंडरमध्ये फुली मार. भीती मनात मोकाट फिरते. तारखा पडल्या की ती जरा बसते.

पुढच्या वेळी तिने मोबाइलमध्ये दोन फोटो दाखवले. स्वयंपाकघरातलं 'कालनिर्णय'. सासूबाई त्याच्यावरच दुधाचे खाडे मांडतात, त्यामुळे कुणाला संशय येणार नाही, हा हिशोब. थर्टी फर्स्टची फुली गेल्या वर्षाच्या रद्दीत गेली होती. जानेवारीत दोन, अलिबागच्या ट्रिपच्या, १० आणि ११. किट लावलं १९ तारखेला.

मी बोट सरकवलं. "आणि ही १ फेब्रुवारीची?"

ती फोनकडे बघत राहिली. खाली कबुतरखान्याच्या बाजूने कुणीतरी टॅक्सीवाल्याशी भांडत होतं, ते सगळं भांडण आम्ही दोघींनी ऐकलं. मग म्हणाली, "झोप येत नव्हती. थोडीच घेतली, वाइन. एवढं केलंच आहे, आता अजून काय बिघडणार, असं वाटलं."

त्या एका वाक्यासाठी मी तीन आठवडे थांबले होते, हे कबूल करते. "मी चुकले" म्हणणारी बाई थांबू शकते. "मी वाईट आई आहे" म्हणणारीकडे थांबायला कारणच उरत नाही. वाईट आईने आणखी एक पेग घेतला तर काय मोठंसं? चूक वेगळी आणि माणूस वेगळा, असं सांगणाऱ्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसना मानणारी मी, त्यामुळे माझा कान अशा वाक्यांवर असतो. तिला दारू पाजत होता तो अपराधगंड. घरचे, मैत्रिणी, आणि हो, कधीकधी डॉक्टरही धाक घालून तोच वाढवतात.

मी तिला म्हटलं, "फुल्या चार आहेत. पाचवी मारायची की नाही, एवढंच तुझ्या हातात आहे. आणि तेवढं पुरे आहे."

का पुरे, तेही सांगते. आईच्या रक्तातली दारू वारेतून बाळाच्या रक्तात जाते. वार ती गाळत नाही. बाळाचं यकृत अजून कच्चं, त्याला ती आपल्यासारखी पटापट निपटता येत नाही. एवढी चालते असं सुरक्षित माप गरोदरपणात कुणाला ठाऊक नाही. म्हणून 'वाइन म्हणजे द्राक्षाचा रस', 'रेड वाइनने रक्त वाढतं' हे बायकांचे सल्ले कानाआड करा. वाइनचा एक ग्लास आणि बिअरची एक छोटी बाटली यांत दारूचा अंश जवळपास सारखाच. पण पोटात दारू गेलेलं प्रत्येक मूल बाधित होतं असंही नाही, आणि नुसतं 'कळायच्या आधी घेतली' म्हणून घाबरून गर्भपाताकडे धावू नका. बाळाचा मेंदू नऊही महिने घडत असतो. कुठल्याही दिवशी थांबलात तरी पुढचे दिवस बाळाचे.

रोज पिणाऱ्या बाईने मात्र एकटीने, एकदम बंद करू नये. हात थरथरणं, फिट येणं असे प्रकार होऊ शकतात, तेव्हा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलि-मानस ही १४४१६ वरची सेवा मोफत आहे, मराठीतही बोलतात.

केतकीच्या नवऱ्याला मी एकदाच बोलावलं. "मी घेतली तर चालेल ना?" हा त्याचा पहिला प्रश्न. "चालेल, पण नऊ महिने घरात बाटली नको," म्हटलं. तोंड कसनुसं झालं त्याचं, पण त्याने ऐकलं.

मार्चमध्ये केतकी हसत हसत आली. जानेवारीच्या बिलातून सासूबाईंनी दोन दिवसांचं दूध कापलं होतं. दूधवाला पोरांची शपथ घेऊन सांगत होता, १० आणि ११ ला पिशवी दाराला लावली होती. दोन दिवस दारात वाद. शेवटी केतकीनेच सासूबाईंना स्वयंपाकघरात नेऊन फुल्यांचा अर्थ सांगितला.

"मग?"

"खूप वेळ काही बोलल्याच नाहीत. मग विचारलं, डॉक्टरांना सांगितलंस का. हो म्हटलं. तर डब्यातून पैसे काढले आणि म्हणाल्या, त्या बिचाऱ्याचे आधी देऊन ये."