चेंबर ऑफ कॉमर्सवाले नेमकं करतात काय?

नुसत्या हारतुऱ्यांचा क्लब असतो का विचारलंयत, तर नाही हो, तोही भाग असतो म्हणा. चेंबर म्हणजे उद्योजक-व्यापाऱ्यांची संघटना, पुण्याचं मराठा चेंबर बघा, १९३४ पासूनचं. खरं काम कंटाळवाणं असतं, म्हणजे वीज नियामक आयोगापुढे दरवाढीची सुनावणी लागली की आकडेवारी काढून लेखी हरकती द्यायच्या, धोरणाचा मसुदा आला की सूचना पाठवायच्या, एकट्या वर्कशॉपवाल्याला हे कुठून जमणार. आणि २०२१ च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेत याच चेंबरच्या पुढाकारातल्या ग्रुपने सिंगापूरहून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मागवले होते. मोठ्या कंपन्यांचा आवाज जरा जास्तच ऐकू येतो, ही तक्रार मात्र मला पटते.