घर सजवायचंय, पण सुचत नाही

प्रश्न : ताई, नव्या घराच्या भिंती अजून कोऱ्याच आहेत. मासिकांतली घरं आवडतात, कात्रणंही ठेवते, पण स्वतःला काही म्हणता काही सुचत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर : कपड्यांच्या कपाटापासून. थट्टा नाही करत! पुन्हा पुन्हा घालता ते कपडे पलंगावर पसरा, तुमचे रंग तिथेच सापडतील. सर्वांत जास्त दिसेल त्याची फिकी छटा भिंतींना, दुसरा पडद्यांना, तिसरा उशांच्या अभ्र्यांना. सजावटकार यासाठी साधारण ६०-३०-१० टक्के असं प्रमाण धरतात. रंग आधी मोठ्या पुठ्ठ्यावर लावून सकाळी, दुपारी आणि दिव्याच्या उजेडात पाहा. छटा चांगलीच बदलते.

आता ती कात्रणं. सगळी जमिनीवर मांडा आणि त्यांत सारखं काय आहे ते शोधा. बरेचदा सोफा नव्हे, उजेड आवडलेला असतो. तसं असेल तर खरेदी राहू द्या, कोपऱ्यात २७०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पिवळसर दिवा लावा.

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर हवा. लोक छताला चिकटवतात, मला बघवत नाही. आणि मासिकातली अख्खी खोली उचलू नका, तिथले चार्जर नि चपला कॅमेऱ्यामागे ढकललेल्या असतात.