उद्घाटनाला ऐंशी, दुसऱ्या मिटिंगला सहा

मागच्या अंकात म्हणलं होतं की गणिताबद्दल काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा, मला वाटलं लोक पाढे कसे पाठ करायचे असलं काहीतरी विचारतील, पण निम्म्याच्या वर पत्रं कॉलेजातल्या नाहीतर विद्यापीठातल्या मॅथ्स क्लबबद्दलच निघाली. त्यातली पाच घेतो.

प्रश्न : सर नमस्कार. मी एमएस्सी मॅथ्स फर्स्ट इयरला आहे, गाव अंबाजोगाई, होस्टेलला राहते. यावर्षी मला विभागाच्या मॅथ्स क्लबची सेक्रेटरी केलंय. उद्घाटनाला ऐंशी जण होते, हॉल गच्च. नंतरच्या मिटिंगला सहा, त्यातले दोघं कमिटीतलेच आणि एकजण फॅनखाली बसायला आलेला. वॉट्सअप ग्रुपवर सगळे अंगठा दाखवतात, येत कुणीच नाही. काय करू?

उत्तर : अगं, सहा म्हणजे कमी हे तुला सांगितलं कुणी? ऐंशीतले सत्तर नाष्ट्याला आलेले असतात, ते मोजायचेच नाहीत. आणि उद्घाटनात असतं तरी काय, दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय, आभार, यात गणित कुठंय? मी नोकरीत असताना असाच एक क्लब चालवायचो, चालवायचो कसला, बुडवला म्हण. एकदा बाहेरगावाहून पाहुणे बोलावले, पाऊण तास सत्कारात गेला, मग अध्यक्षांचं मनोगत लांबलं, पाहुण्यांना वीस मिनिटं उरली, ते बिचारे खडू हातात धरून घड्याळाकडं बघायलेत. पुढच्या वेळी पोरं आली नाहीत, आणि बरोबर केलं त्यांनी.

आता तू असं कर, वार ठरव, वेळ ठरव, खोली एकच ठेव, आणि भाषण बंद. फळ्यावर एक प्रश्न, पाऊण तास, संपलं. एकच नियम, ज्याला उत्तर माहितीय त्यानं पहिली पंधरा मिनिटं तोंड उघडायचं नाही (हा नियम सरांना पण लागू, त्यांनाच जास्त लागू).

पहिल्या दिवशी कापरेकरांचा आकड्यांचा खेळ घे. मराठवाडा मुक्त झाला ते साल फळ्यावर लिही, 1948. अंक मोठ्याकडून लहानाकडं लाव, 9841, मग उलटे लाव, 1489, वजाबाकी कर, 8352 येतं. परत तेच, 8532 वजा 2358, झाले 6174. आता याच्यावर परत करून बघ, 7641 वजा 1467, पुन्हा 6174च, गाडी इथंच थांबते. चारी अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घे, जास्तीत जास्त सात वेळात इथंच येते. वजाबाकीत मधेच तीन अंकी उत्तर आलं तर पुढं शून्य लावून चार अंकच धरायचे, इथं पोरं हमखास चुकतात आणि नियमच खोटा म्हणून भांडतात. प्रत्येकाला आपल्या मोबाईल नंबरचे शेवटचे चार आकडे घ्यायला लाव, बघ कसे मान खाली घालून बसतात.

पण एवढ्यावर सोडलंस तर ती जादूच झाली, गणित नाही झालं. लगेच विचार, असं का होतं? चार अंकी जड जातं म्हणून तीन अंकीवर आण, तिथं 495 येतं. मोठा अंक a, मधला b, लहान c धरला तर वजाबाकीत b उडून जातो आणि उरतं 99 गुणिले (a वजा c). म्हणजे पहिल्या वजाबाकीनंतर फक्त नऊच संख्या शक्य, 099, 198, 297 पासून 891 पर्यंत. त्या नऊ हातानं तपासायच्या, 099 वरून 891, मग 792, 693, 594 आणि 495. झाली सिद्धता, फर्स्ट इयरच्या पोराला पण समजती. मग विचार की दोन अंकीला काय होतं, तिथं गाडी थांबतच नाही, 9, 81, 63, 27, 45 आणि परत 9 असं गोल गोल फिरते. तिथं खरी चर्चा पेटते बघ.

आणि हे शोधणारा माणूस देवळालीचा शाळामास्तर होता हे पण सांग. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा, 1905 चा, ना विद्यापीठात नोकरी ना पोस्ट ग्रॅज्युएशनची डिग्री, 1949 मधे मद्रासच्या गणित परिषदेत 6174 मांडला. बाहेरच्या जगात नाव झालं ते 1975 मधे, मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकानं ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरात लिहिल्यावर. फॅनखाली बसायला आलेल्या त्या पोराला पुढच्या वेळी फळ्यावर उभं कर.

प्रश्न : सर, हिंगोली जिल्ह्यात सिनियर कॉलेजला शिकवते. गणिताचे तिन्ही वर्षांचे मिळून एकवीस विद्यार्थी, फंड शून्य. 22 डिसेंबरला दरवर्षी रांगोळी आणि पोस्टर स्पर्धा, फोटो, झालं. वेगळं काय करता येईल?

उत्तर : मॅडम, पाव किलो शेंगदाणे आणा. कच्चेच आणा, भाजलेले मोजायच्या आधीच संपतात.

22 डिसेंबर हा रामानुजनांचा जन्मदिवस, 1887 चा, आणि 2012 पासून तो राष्ट्रीय गणित दिन म्हणून साजरा करतात. सगळीकडं तीच 1729 नंबरच्या टॅक्सीची गोष्ट सांगतात (दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येणारी सगळ्यात लहान संख्या), पाठ झालीय लोकांची, यंदा तिला आराम द्या. प्रत्येक गटाला चार शेंगदाणे द्या आणि विचारा की याचे ढीग किती प्रकारे होतात. सगळे एकत्र, तीन नि एक, दोन नि दोन, दोन-एक-एक, आणि चारी सुटे, झाले पाच. पाच दाण्यांचे सात होतात, सहाचे अकरा. नऊवर गेलात की तीस, आणि इथं वर्गात मस्त गोंधळ होतो, कुणाचे अठ्ठावीस निघतात कुणाचे एकतीस, मग सुटू नये म्हणून मोजायचं कसं यावर भांडण लागतं, ते लागू द्या. चौदाचे 135 होतात, ते तुम्ही सांगा. मग 5, 30, 135 फळ्यावर लिहून गप्प बसा. पोरांनाच दिसलं पाहिजे की सगळे पाचनं जातात. दाण्यांची संख्या 4 नाहीतर 9 वर संपणारी असेल तर ढिगांच्या प्रकारांना पाचनं नेहमीच भाग जातो, हे रामानुजननं नुसते तक्ते बघून ओळखलं आणि नंतर सिद्धही केलं. सिद्धता बीएस्सीला जड जाईल, चालतं. शंभर दाण्यांचे प्रकार 19,05,69,292 होतात हा आकडा मात्र शेवटी टाका, पोरं घरी जाऊन सांगतात.

तुमच्यात दोन-चार चुणचुणीत असतील तर त्यांना माधव मॅथेमॅटिक्स कॉम्पिटिशनला बसवा, ती पदवीच्या पोरांसाठी असते. नंबर नाही आला तरी जुने पेपर हातात येतात आणि क्लबला वर्षभराचे प्रश्न फुकट मिळतात.

प्रश्न : गुरुजी, आमचा पोरगा संभाजीनगरला गणितात एमएस्सी करायलाय, आम्ही इकडं गेवराई तालुक्यातून कापूस विकून पैसे पाठवतो. फोन केला की म्हणतो क्लबात हाय. आमच्याकडं क्लब म्हणलं की पत्त्याचा. त्यानं नोकरीचा अभ्यास करावा का हे?

उत्तर : दादा, पत्त्याचा नाही, निवांत राहा. तिथं पोरं फळ्यासमोर उभी राहून एका गणितावर तासभर हुज्जत घालतात एवढंच. नेट नावाची जी परीक्षा आहे ना प्राध्यापक व्हायला, तिच्या गणिताच्या पेपरात क भागात एका प्रश्नाला दोन-तीन पर्याय बरोबर असू शकतात, आणि सगळे बरोबर ओळखले तरच मार्क, अर्धे ओळखले तर काही नाही. तिथं पाठांतर कामाला येत नाही, प्रत्येक पर्यायाला ‘हे कुठं फसेल’ असं विचारायची सवय लागते, आणि ती सवय असल्या हुज्जतीतच लागते. पण क्लबात जाऊन नुसतं बॅनर बांधत आणि खुर्च्या उचलत असेल तर मात्र कान धरा, त्याला नेटमधे मार्क नाहीत.

ओळखायचं कसं? फोनवर त्याला एक गणित घाला. 32 हात उंच बांबू सरळ उभा होता, वाऱ्यानं मधेच मोडला, शेंडा बुडापासून 16 हातांवर जमिनीला टेकला, तर किती उंचीवर मोडला? उत्तर 12 हात. 1150 साली भास्कराचार्यांनी लीलावतीत घातलेलं गणित आहे हे. नुसतं उत्तर देऊ नको, मला समजंल असं सांग म्हणा, आणि तुम्हाला समजलं तर पैसे पाठवत राहा.

प्रश्न : सर, क्लबात मराठीत बोललं तर चालतं का? माझं शिक्षण झेडपीच्या शाळेतलं, इंग्रजीत प्रश्न विचारायला तोंडच उघडत नाही. (लातूर)

उत्तर : बोल की रे बिनधास्त. ‘समजा एप्सिलॉन दिलाय, आता डेल्टा कुठून आणायचा’ हे मराठीच आहे. लसावि-मसावि शिकून आलेल्या पोरानं एलसीएम म्हणताना एवढं अवघडायचं काही कारण नाही. वहीत मात्र इंग्रजीत लिहायची सवय ठेव, पुस्तकं आणि पेपर त्याच भाषेत येतात. आणि जो हसेल त्याला पुढचा प्रश्न फळ्यावर सोडवायला लाव.

प्रश्न : आमच्या क्लबला सहल काढायचीय पण बजेट नाही, सर म्हणतात गणिताशी संबंध दाखवा तरच परमिशन. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : अरे गावातच बीबी का मकबरा आहे की, रिक्षानं जा. आत कबरीभोवती अष्टकोनी संगमरवरी जाळी आहे, ती बघा, बाकीची नक्षीपण बघा. फोटो काढा, हात लावू नका. घरी प्रिंट काढून वर ट्रेसिंग पेपर ठेवायचा आणि तो फिरवून, सरकवून, उलटा करून बघायचं की नक्षी कधी कधी परत जुळते. सपाट पृष्ठभागावर दोन्ही दिशांना परत परत येणाऱ्या नक्षीचे सममितीच्या हिशोबानं फक्त 17 प्रकार होतात, कारागीर कितीही हुशार असला तरी अठरावा नाही. आणि अशा नक्षीत फिरवून जुळायचं तर अर्ध्या, तिसऱ्या, चौथ्या नाहीतर सहाव्या भागानंच, पाचव्या भागानं कधीच नाही. पाच पाकळ्यांचं एकटं फूल कितीही कोरा, पण सगळी भिंत पाचच्या फिरकीवर बसत नाही. का बसत नाही हा तुमच्या पुढच्या मिटिंगचा प्रश्न. सतरातले किती सापडले ते प्रत्येकानं आपापलं लिहून आणा, एकमेकांना दाखवायचं नाही, आणि दोघांची यादी जरी जुळली तरी मला कळवा, चहा माझ्याकडून.