मराठी माध्यमातून स्पेशल इंग्लिशकडे

प्रश्न : मराठी माध्यमातून कला शाखेची बारावी 74 टक्क्यांनी पास झाले. इंग्रजी साहित्यात बीए करायचं आहे, पण मला सफाईदार बोलता येत नाही. बाबा म्हणतात, पुढे नोकरीचं काय? काय करू?

उत्तर : बोलता येत नाही म्हणून हा विषय सोडू नकोस. इथे खरं काम वाचायचं आणि लिहायचं असतं, बोलणं त्याच्या मागोमाग सुधारतं. रोज वीसेक पानं इंग्रजी वाचायचा चिवटपणा आहे का, हे मात्र आधी तपासून बघ. आर. के. नारायण यांची कोणतीही कादंबरी घे. प्रत्येक शब्दाला डिक्शनरी उघडू नकोस. ज्या शब्दावाचून वाक्यच अडतं तेवढाच बघ. महिनाभरात वाचनाचा वेग वाढला, तर बिनधास्त प्रवेश घे.

कॉलेज निवडताना एक चौकशी नक्की कर. सक्तीचं इंग्रजी सगळीकडे असतं, स्पेशल इंग्लिश, म्हणजे इंग्रजी साहित्य हा मुख्य विषय, नसतं. तालुक्याच्या कित्येक कॉलेजांत विद्यार्थी कमी म्हणून स्पेशलचा वर्ग दुसऱ्या वर्षी सुरूच होत नाही आणि मुलांना नाइलाजाने दुसरा विषय घ्यावा लागतो. म्हणून इंग्रजी मेजर (मुख्य विषय) शेवटच्या वर्षापर्यंत चालतं का, हे ऑफिसात न विचारता थेट विभागात विचार. मायनरला (दुय्यम विषयाला) मराठी किंवा इतिहास घेतलास तर दोन्ही विषय एकमेकांना हात देतील.

आता विषय म्हणजे नेमकं काय ते पाहू. शेक्सपिअरचं अठरावं सुनीत (सॉनेट) घे, चौदाच ओळी आहेत. प्रिय व्यक्तीची तुलना उन्हाळ्याच्या दिवसाशी करू का, असं कवी विचारतो. वैशाखाच्या झळा सोसलेल्या वाचकाला हे कौतुक वाटतच नाही. इंग्लंडचा उन्हाळा सौम्य, हवाहवासा आणि लवकर सरणारा असतो, हे कळलं की कविता उघडते. तिथल्या मे महिन्यात कळ्या वाऱ्याने हलतात. त्या काळचं इंग्लंडचं कॅलेंडर आजच्यापेक्षा 10 दिवस मागे होतं, त्यामुळे त्यांचा मे आपल्या 10 जूनपर्यंत, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यापर्यंत यायचा. चौथ्या ओळीत उन्हाळ्याचा ‘लीज’ येतो, म्हणजे मुदतीचा भाडेकरार; प्रेमकवितेत कायद्याची भाषा का, हा परीक्षेत विचारण्याजोगा प्रश्न आहे. नवव्या ओळीत ‘पण’ येतो आणि युक्तिवाद फिरतो : तुझा उन्हाळा सरणार नाही, कारण तो या ओळींत राहील. साहित्यासोबत संस्कृती का शिकवतात, ते इथे दिसतं.

याच चौदा ओळींवर 150 शब्द लिहून बघ. ‘कवी महान आहे’ असं लिहायचं नाही. प्रत्येक विधानापुढे ओळ क्रमांक द्यायचा. पहिल्या प्रयत्नात बहुतेकांकडून नुसता अर्थ लिहिला जातो. तो कसा साधला, हे लिहायला दोन-तीन खर्डे लागतात.

सर्वांत मोठं नुकसान गाईडमुळे होतं. गाईड आधी वाचलं की मूळ नाटक उघडायची इच्छाच मरते, आणि एम.ए.ला समीक्षा सिद्धान्त आले की पाठ केलेली उत्तरं उपयोगी पडत नाहीत. मूळ संहिता आधी, टीपा नंतर, गाईड जमल्यास कधीच नको.

बाबांची काळजी रास्त आहे. सिनिअर कॉलेजात शिकवायचं तर एम.ए.ला 55 टक्के (राखीव प्रवर्गाला 50) आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा हवी. नेटमध्ये पहिला पेपर 100 गुणांचा, विषयाचा दुसरा 200 गुणांचा. वेळ तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेते. पात्र झाल्यावरही कायमची जागा लगेच मिळत नाही; अनेकांची वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर जातात, हे घरी आत्ताच सांग. शाळेत शिकवायचं तर बी.एड. आणि टीईटी (शिक्षक पात्रता), टेटच्या (शिक्षक अभियोग्यता) परीक्षा.

अनुवाद, प्रकाशन संस्थांतलं संपादन, सबटायटल्स, बँका आणि कंपन्यांचा मराठी मजकूर या कामांत मराठी पक्की असलेल्या इंग्रजीच्या विद्यार्थ्याला खरी किंमत आहे. त्यासाठी पहिल्या वर्षापासून दर आठवड्याला एक पान इंग्रजीतून मराठीत आणि एक उलट दिशेने कर, तारीख घालून जपून ठेव. पहिलं काम मागायला जाशील तेव्हा गुणपत्रिकेआधी हीच वही बघितली जाईल.